दहापैकी चार

जालना
४ नोव्हेंबर २०२५

ती. मोठे बाबांना सविनय जयभीम.

पत्र बघून दचकू नका. मी नापास झालेले नाही आणि परस्पर लग्नही ठरवलेलं नाही. काम आहे. फोन केला असता, पण हॉस्टेलवर मोबाइल फक्त रविवारी एक तास मिळतो. शिवाय तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी काहीही सांगितलं तरी तुम्ही "हो हो, इकडं सगळे मजेत" म्हणता आणि ठेवून देता. कानाचं मशीन डब्यात ठेवण्यासाठी घेतलं आहे का?

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आल्यापासून मला माणसं दिसत नाहीत, नुसते सांधे दिसतात. मेसच्या मावशी भाकरी थापत होत्या तेव्हा मी त्यांच्या मनगटाकडे इतका वेळ बघत बसले की त्यांना वाटलं पोरीला भूक लागली, त्यांनी एक भाकरी जास्त वाढली. माझी रूममेट अर्पिता लंगडत आली तर मी तिला तीन आजार सांगितले. तिला नवीन चप्पल चावली होती.

तर काम असं. हाडं, सांधे किंवा स्नायू दुखणारा एक माणूस घ्यायचा, त्याची पूर्ण विचारपूस करायची आणि ती फाइलमध्ये लिहायची. वॉर्डातले पेशंट मुलींनी वाटून घेतले आणि मी, नेहमीप्रमाणे, ते संपल्यावर पोचले. तेवढ्यात वाटूरहून आईचा निरोप आला की मोठ्या आईचा गुडघा दिवाळीपासून दुखतोय. मोठे बाबा, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

सोबत प्रश्नांचा कागद जोडला आहे. मोठ्या आईला एकेक प्रश्न विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. शेवटचा प्रश्न दुखण्याचा आहे: बिलकुल दुखत नसेल तर शून्य, याहून जास्त दुखूच शकत नाही असं असेल तर दहा. चौथीपर्यंत मी तुमच्याच वर्गात होते, त्यामुळे उजवीकडे कच्च्या कामासाठी समास आखून दिला आहे. नाहीतर कागद तसाच परत पाठवाल.

तुमची,
अक्षता


केदारखेडा
१० नोव्हेंबर २०२५

चि. अक्षता हीस अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात कुणी मला भरायला काही दिलं नव्हतं, त्यामुळे मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसलो. तुझी मोठी आई म्हणाली, "कुठं गावाला चाल्ले का?" तुझ्या कागदात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या लाल पेनाने सुधारल्या आहेत. राग मानू नये.

पेशंट सहकार्य करत नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. मी खुर्ची टाकून विचारायला बसलो तर ही भाजी चिरत होती. "कुठं दुखतं?" म्हटलं. म्हणाली, "इथं उजव्या गुडघ्यात. आन् कधी कधी वर, जांघेत." जांघेसाठी तुझ्या कागदावर जागा नव्हती, म्हणून गुडघाच लिहिला. उत्तर प्रश्नाला धरून असावं, हे मी तुम्हा पोरांना घसा कोरडा करून शिकवलं आहे.

सूज नाही. हात लावून पाहिला, गरम नाही. हात लावल्यावर ती म्हणाली, "आज काय झालं तुमाला?" ते लिहिलेलं नाही. सकाळी आखडतो का, तर सकाळी सहाला उठून ती माझ्याआधी चहा करते, म्हणजे आखडत नसावा. मार लागला होता का, तर नाही. दिवाळीनंतर अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या उचलताना ओट्याच्या पायरीवरून घसरून बसली एवढंच. लगेच उठून तिने स्वयंपाक केला, त्यामुळे तो मार समजू नये.

दुखणं दहापैकी चार. पूर्ण विचारांती लिहिलं आहे.

कागद नीट जपून ठेव. आणि मॅडमनी किती गुण दिले ते कळव.

तुझा मोठा बाबा,
राजानंद


जालना
१५ नोव्हेंबर २०२५

ती. मोठे बाबांना सविनय जयभीम.

कागद मिळाला. अर्पिताला दाखवला तर ती म्हणाली, एवढं सुंदर अक्षर असलेला पेशंट तिने पाहिला नाही. पेशंट तुम्ही नाही हे तिला सांगावं लागलं.

आता निदान ऐका. मी एक तास पुस्तक आणि तुमचा कागद शेजारी ठेवून बसले होते. वय बासष्ट, सूज नाही, गरम नाही, दुखणं चारच. म्हणजे गुडघ्याची झीज. वयानुसार होतेच. काळजीचं काही कारण नाही, असं आम्ही नर्स लोक म्हणतो. (आम्ही! दीड वर्ष झालं फक्त, पण बघा कसं लिहिते.)

मोठ्या आईला सांगा, मांडी घालून बसायचं नाही, पाटावर बसायचं नाही, खुर्ची घ्यायची. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालायचं. सुरुवातीला कुरकुर करेल, पण दुखणं चारच आहे तर चालायला काय हरकत? तुम्ही सोबत जा. घड्याळ लावा. तुम्हाला कुणावर तरी घड्याळ लावायला मिळेल, तेवढंच बरं वाटेल.

ता. क. पाकीट बंद करणार होते तेवढ्यात फाइल परत आली. वंदना मॅडमनी लाल पेनाने लिहिलंय: "गुडघा दुखतो म्हणून फक्त गुडघाच पाहिला? वरचा सांधा? खालचा? दोन्ही पायांची लांबी मोजली?" मॅडम तुमच्यासारख्याच आहेत, एक रकाना सोडला की झोप लागत नाही. आता फाइल पूर्ण करण्यापुरतं एवढं करा. मोठ्या आईला सरळ झोपवा, कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून पायाच्या आतल्या घोट्यापर्यंत टेप लावा आणि दोन्ही पायांचे आकडे पाठवा. घाई नाही.

तुमची,
(जवळजवळ) सिस्टर अक्षता


केदारखेडा
२१ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षता हीस आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे बुधवारपर्यंत चालण्याचा कार्यक्रम नियमित केला. शाळेच्या मैदानाला चकरा मारायचं ठरवलं. मी शिट्टीही शोधून काढली होती, पण तुझी मोठी आई म्हणाली, शिट्टी वाजवली तर मी परत घरी जाईन. पहिल्या दिवशी दोन चकरा झाल्या. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी ती अर्ध्यात शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिली. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला टाकते, कवायतीला कंटाळलेली पोरं टाकतात तसं. "पाऊल सरळ टाक," असं मी दोनदा बजावलं, तर म्हणाली, "सरळ व्हऊनच न्हाई राह्यलं तं काय करू?" मी म्हटलं, मनावर घेतलं की होतं.

काल सकाळी खुर्चीवरून उठताना आत काहीतरी कट्‌ झालं म्हणते. तेव्हापासून खाटेवरच आहे. चालायचा कंटाळा आला असावा असं माझं मत आहे. चहा मीच करतो. साखर कुठल्या डब्यात असते हे मला कालच कळलं.

खाटेवर आहेच, तर लांबीचं काम उरकून घेतलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचा पाय मोजायची वेळ आली नव्हती. टेप शेजारच्या गोजरबाईच्या शिलाई मशीनची आणली. ती मागोमाग दारात येऊन उभी राहिली आणि म्हणते, "मास्तर, झंपर शिवता का पायजमा?" मी लक्ष दिलं नाही. माझ्या हिशेबाने मोजणीत थोडी चूक होत आहे, कारण दोन पाय वेगवेगळे येतात आणि तसं होऊ शकत नाही. तीनदा मोजलं. टेप जुनी आहे, ताणली गेली असावी. म्हणून शास्त्रीय पद्धतीने सरासरी काढली. उजवा पाय ७९.७५ सेंटिमीटर, डावा पाय ७९.७५ सेंटिमीटर. कच्चं काम नेहमीप्रमाणे समासात आहे.

समासात: डावा ८१. उजवा ७८.५. पुन्हा ८१, ७८.५. पुन्हा तेच. बेरीज १५९.५, भागिले २.

तुझा मोठा बाबा,
राजानंद


जालना
३० नोव्हेंबर २०२५

ती. मोठे बाबांना सविनय जयभीम.

आधी फोनबद्दल माफी मागते. सोमवारी तुमचं पत्र मिळालं आणि मी वॉर्डनचा मोबाइल हातातून ओढून घेतला. तुम्ही "हो हो, इकडं सगळे मजेत" म्हणालात तेव्हा माझा तोल गेला. तुमच्यावर आजवर कुणी असं ओरडलं नसेल. बरं झालं फोन गोजरबाईंनी घेतला. त्यांना मी एवढंच सांगितलं, "तिला उठवू नका, बसवू नका, पाय हलवू नका, गाडी बोलवा." त्या म्हणाल्या, "मला त्या दिशीच दिसलं व्हतं, पाय वाकडा पडून राह्यला म्हणून. मास्तरला कोन सांगंल?" त्यांना ना पुस्तक, ना फाइल.

भोकरदनला फोटो काढल्यापासून इथे ऑपरेशन होईपर्यंत डॉक्टर जे जे बोलले ते तुम्ही मान हलवून ऐकलंत. संघपालदादा आईला बघायला पुण्याहून आला तेव्हा त्याने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "सगळं बराबर आहे." तुम्हाला एक शब्दही ऐकू आलेला नव्हता, हे मला कळलं होतं. पण तिथे सगळ्यांसमोर पुन्हा ओरडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून आता लिहिते.

मोठ्या आईचा गुडघा चांगला आहे. तो कधीच बिघडलेला नव्हता. पायरीवरून घसरून बसली तेव्हा खुब्यात, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, चीर गेली होती. खुबा मोडला की दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं. हे माझ्या पुस्तकात आहे, त्याच धड्यात, डाव्या पानावर. मी उजवं पान वाचत होते. हाड तेव्हा जागेवरच होतं, म्हणून ती चालू शकत होती. नंतर ते सरकलं. म्हणून पाय आखूड झाला आणि पाऊल बाहेर फिरलं.

डॉक्टर हेही म्हणाले की हाड सरकायच्या आधी आणली असती तर दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं. आता खुब्याचा गोळा काढून नवीन बसवावा लागला. ऑपरेशन चांगलं झालं आहे. पण ती पहिल्यासारखी चालेल का, हे ते आत्ताच सांगू शकत नाहीत.

मोठे बाबा, वीस मिनिटं चालायला मी सांगितलं. मोडलेल्या हाडावर मी तिला मैदानाच्या चकरा मारायला लावल्या. वंदना मॅडमना मी हे स्वतःहून सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "माणूस न बघता कागद बघून सल्ला दिलास. तुला सल्ला द्यायचा अधिकारच नव्हता." मग फाइल उघडून बराच वेळ तुमचा कागद वाचत बसल्या आणि एकच विचारलं. ओट्यावरून पडलेली, जांघेत दुखतंय म्हणणारी बाई दुखणं फक्त चार कसं सांगते? मी म्हटलं, आमची मोठी आई फार सोशीक आहे.

तिला मी रोज भेटते. तुम्ही कापूस वेचायचा राहिलाय म्हणून परत गेलात, ते तिनेच तुम्हाला पाठवलं, मला माहीत आहे. काळजी करू नका. सकाळी नाश्त्याला पोहे खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

तुमची,
अक्षता
(सिस्टर वगैरे काही नाही)


केदारखेडा
४ डिसेंबर २०२५

चि. अक्षता हीस आशीर्वाद.

कानात मशीन घालून बसलो आहे. घरात ऐकण्यासारखं कुणी नाही. गोजरबाई येऊन भाकरी ठेवून जाते आणि काही न बोलता जाते, हे आता मला स्पष्ट ऐकू येतं.

तुझ्या मॅडमना सांग, मालनबाई सोशीक वगैरे नाही. तिने चार सांगितलेच नव्हते.

मी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" ती विळीवर वांगी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "दहा." मी म्हटलं, दहा म्हणजे काय, कळतं का? दहा म्हणजे पूर्ण. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी निबंधाला सातच्या वर गुण दिले नाहीत. तालुक्यात पहिली आलेली पायल, तिलाही सातच दिले होते. अजून वर जायला जागा ठेवावी असा माझा नियम. ती म्हणाली, "मंग आठ घ्या." मी म्हटलं, आठ दुखत असतं तर तू इथे बसून वांगी चिरली असतीस का? तेव्हा तिने विळी बाजूला सारली आणि म्हणाली, "तुमाला काय द्यायचं ते द्या."

मी चार दिले. पासापुरते.

त्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहितो. आपण बायकोच्या बाबतीतही पक्षपात केला नाही, असं वाटलं. तुझ्या सल्ल्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तू चारावर सल्ला दिलास. दहा लिहिले असते तर तू त्याच दिवशी ओरडली असतीस आणि दोन स्क्रूंवर भागलं असतं. दिवसातून चार वेळा मी हाच हिशेब करतो. उत्तर बदलत नाही.

मी तालुक्याचा आदर्श शिक्षक होतो. फेटा बांधून फोटो काढला होता, तो भिंतीवर आहे. काल तो काढून धान्याच्या कोठीमागे ठेवला. संध्याकाळी परत लावला, कारण भिंतीवर पांढरा चौकोन दिसत होता आणि कुणी विचारलं असतं. असा मी माणूस आहे.

मला लाज वाटते, अक्षता. हे तिला वाचून दाखव. मला तोंडाने सांगता येणार नाही. तिथे आलो तरी मी पंख्याबद्दल आणि जेवणाबद्दल बोलेन.

तुझा,
राजानंद


जालना
८ डिसेंबर २०२५

संघपालच्या बाबांना मालनचा जयभीम.

अक्षता म्हणली, तू सांग, मी लिहिते. मी म्हणलं, आण इकडं पेन. मी पण चौथी पास हाये. माझं बोलणं दुसऱ्यानं लिहायचं आन् मंग ते कमी व्हायचं, ते आता बस झालं.

तुमचं पत्र पोरीनं वाचून दाखवलं. वाचता वाचता तीच रडली. मला रडू न्हाई आलं, मला राग आला. मंग भूक लागली. मंग मी जेवले.

मी इथं बरी हाये. मशीन देतात धरायला, चार पायाचं, त्याला धरून संडासपर्यंत जाऊन आले. पाऊल सरळ पडून राह्यलं. शेजारच्या खाटेवर वाटूरची नंदाबाई हाये, तिचा हात मोडला. तिचा नवरा तिच्यापाशी बसून रोज तिचं दुखणं नर्सला सांगतो. मी त्याला म्हणलं, दादा, तुमचा हात मोडला का तिचा? तव्हापासून तो माझ्यासमोर बोलत न्हाई.

तुमाला एक सांगायचं हाये. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिशी सकाळी सिस्टर आली. जवान पोरगी, अक्षतापेक्षा थोडी मोठी. तिनं इचारलं, "मावशी, किती दुखतंय, दहापैकी?" मी घाबरले. मला वाटलं आता परत तेच. मी आधीच कमी करून सहा सांगणार होते. मंग म्हणलं जाऊ द्या, आन् जे व्हतं ते सांगितलं. दहा. तिनं माझ्याकडं बघितलं आन् दहाच लिहिलं. काही इचारलं न्हाई. कुणी कमी केलं न्हाई. इंजेक्शन आणायला गेली.

तव्हा मला रडू आलं. ती म्हणली, लई दुखतंय का? मी म्हणलं, न्हाई, आता तेवढं न्हाई.

आज चार हाये. खरं चार. तुमी लिहिलं व्हतं तेच, फक्त महिना लागला.

टाके बुधवारी काढणार. रविवारी सुट्टी देतील म्हणतात. गाडी घेऊन या, मागं आडवं व्हता येईल अशी. माझं हिरवं लुगडं आणा, आन् कानाचं मशीन कानातच ठेवा. घरी खुर्चीचं संडास लागंल, ते राधेश्याम गवंड्याला आधीच सांगा. पोरीला बोलू नका, ती रोज पाय दाबायला येती आन् सतरा वेळा इचारती, इथं दुखतं का, इथं दुखतं का. तिला चांगली नर्स व्हायचं हाये, व्हईल.

अक्षताला मी तिचा तो कागद मागून घेतला व्हता, कोरा. त्याच्यावर तुमचं नाव टाकून शेवटचा प्रश्न मी भरला. नवरा, दहापैकी किती.

सहा दिले. वर जायला जागा ठेवली. आन् पाय मोजले तव्हा तुमी समासात कच्चं काम खरं लिहिलं व्हतं, त्याचे दोन त्यातच धरलेत.

मालन